जावईबापूंचा नेम

दगडाबाईचे जावई कुणाच्याही घरचं अन्न घेत नाहीत, त्यांचा कडक नेम आहे, ही गोष्ट राणीसावरगावात सगळ्यांना माहीत होती. माहीत नव्हती ती एकट्या जावयाला.

दिवाळीला आदिनाथ सासरी आला तेव्हा गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या त्याच्या पाया पडून गेल्या. जावयाला मान असतो हे त्यानं ऐकलं होतं, पण एवढा असतो हे नवीन होतं. तो बिचारा संकोचून पाय मागे घेत राहिला, आणि त्या संकोचामुळे त्याचं साधुपण आणखीच पक्कं झालं.

हा नेम दगडाबाईनंच त्याच्या गळ्यात घातला होता. त्याची कथा बघण्याच्या कार्यक्रमापासून सुरू होते.

आदिनाथ पूर्ण्याला रेल्वेत, सिग्नलच्या खात्यात. दगडाबाईच्या लेकीला, राजेश्रीला, बघायला आला, बैठकीत बसला, आणि पोह्यांची बशी समोर आल्याबरोबर त्यानं हात जोडले. म्हणाला, "आधी एक सांगतो, मग पुढचं बोलू. मला शेंगदाणा चालत न्हाई. आवडत न्हाई असं न्हवं. कणभर पोटात गेला तरी घसा सुजतो, श्वास कोंडतो. कॉलेजात असताना मरता मरता वाचलोय. म्हणून हे इंजेक्शन कायम कमरेला असतं आन् डबा कायम हातात. जपलं की काई होत न्हाई. पण जपावं रोजच लागतं, आन् ते तुमच्या लेकीला बी लागंल."

एवढं बोलून त्यानं कमरेचं छोटं पाकीट उघडून दाखवलं, आणि मग काही विशेष घडलंच नाही अशा थाटात तिच्या बापाला, सटवाजीला, विचारलं, "मामा, यंदा करडी किती पेरली?"

झालं, दगडाबाईनं मनातल्या मनात स्थळावर काट मारली. आत गेली तर राजेश्री चुलीपाशी हसत उभी. "माय, आजवर जे आले त्यांनी नोकरी सांगितली, जमीन सांगितली. आपली खोट कुणी आधी सांगितली का? मला हाच पाहिजे."

लेकीनं एकदा पाहिजे म्हटलं की सटवाजी पुढं काही बोलत नसे. लग्न झालं. राजेश्रीनं पूर्ण्याच्या घरातून दाणा हद्दपार केला, मोसंबीवर सुई टोचून टोचून इंजेक्शन द्यायला शिकली, आणि भाजीत दाण्याच्या कुटाऐवजी खोबरं घालायला लागली. आदिनाथच्या तोंडावर तर दुखणेकऱ्याची कळा कधी नव्हतीच. लग्नाच्या पंगतीत तो सगळ्यांच्या बरोबरीनं मांडी घालून बसायचा, आपला डबा उघडायचा, आणि शेजाऱ्याच्या ताटातल्या बुंदीचं तोंड भरून कौतुक करायचा. त्याआधी आचाऱ्याकडे एक चक्कर ठरलेली. जिथं आचारी नीट उत्तर देई तिथं तो कधीकधी वरणभात खाईसुद्धा. गाडीत पिंगळीला शेंगदाणेवाला चढला की हा उठून दुसऱ्या डब्यात जायचा आणि जाता जाता बायकोला म्हणायचा, "सगळं जग टाइमपास खायलंय, मीच एकटा कामाचा माणूस."

असा जावई कुणाला आवडणार नाही? दगडाबाईला तर तो पोटच्या पोरासारखा लागला. पण तिची पंचाईत दुहेरी होती. एक म्हणजे तिच्या घरात दाण्याशिवाय पान हलत नव्हतं. कूट नाही अशी भाजी तिनं आयुष्यात केली नव्हती. आणि दुसरी म्हणजे लोकांची तोंडं. "दगडाबाईच्या जावयाला रोग हाय" हे वाक्य नळापासून निघालं की संध्याकाळपर्यंत बसस्टँडला पोचणार, आणि तिथून पोचता पोचता त्याचं काय काय होणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण अशा वाक्यांना आजवर तिनंही थोडा हातभार लावलेला होता.

म्हणून जावई पहिल्यांदा सासरी आल्यावर नणंदेनं, म्हणजे बायनाबाईनं, "ह्ये आपला डबा काऊन उघडायलेत गं?" असं विचारलं, तेव्हा दगडाबाईच्या तोंडून निघून गेलं, "उपास हाय त्यांचा, आक्का."

बायनाबाई म्हणजे मायेचा झरा. तो आवरायला कुणी नाही. ती तशीच घरी गेली आणि वाटीभर दाण्याचे लाडू घेऊन आली. उपासाला दाणे तर लागतातच!  लाडू दगडाबाईनं पदराखाली घेतले, "देते हं" म्हणत मागच्या दारानं गोठ्यात गेली, आणि म्हशीनं ते मोठ्या आवडीनं खाल्ले. उपास असा अंगाशी आल्यावर दगडाबाईनं दुसऱ्या दिवशी त्यात दुरुस्ती केली. "परान्न घेत न्हाईत ते. नेम हाय." हे मात्र गावानं एकदम मनावर घेतलं. एवढ्या लहान वयात एवढा नेम!

लोकांचं तोंड बंद झालं, पण दगडाबाईचं मन काही शांत झालं नाही. जावई येई, हसेबोले, सटवाजीबरोबर रानात जाऊन येई, पण तिच्या हातचा एक घास त्याच्या पोटात गेला नव्हता. पाणीसुद्धा तो आपल्या बाटलीतलं पिई. तो गेल्यावर रिकामं, कोरडं ताट फळीवर ठेवताना तिला दर वेळी रडू येई.

आणि यंदा धोंड्याचा महिना आला. ऐन जेठात अधिक मास. घरोघरी जावई येणार, पुरणाचे धोंडे होणार, तुपाच्या धारा लागणार. दगडाबाईनं फोन केला, पण बोलावं कसं ते सुचेना. तेव्हा आदिनाथच म्हणाला, "मामी, तुमची लय इच्छा हाय हे मला कळतंय. जेवतो मी. पण मी सगळं इचारणार. राग मानायचा न्हाई."

"कशाचा राग? इचारा की!" ती म्हणाली, आणि फोन ठेवून आनंदानं रडली. रडून झाल्यावर सटवाजीला काही कारण नसताना दोन शब्द सुनावले, तेव्हा कुठं तिला बरं वाटलं.

मग तिनं घराची जी झाडाझडती सुरू केली ती बघण्यासारखी होती. राजेश्री फोनवरून सांगे आणि ही त्याच्या पुढं एक पाऊल टाकी. दाण्याचं पोतं आणि कुटाचा डबा बायनाबाईच्या घरी गेला. फळ्या धुतल्या. गंगाखेडच्या बाजारातून नवी कढई, नवा झारा, नवी परात आली. पाट्यावर तर वर्षानुवर्षं दाणे वाटलेले. तो घासून कुठवर घासणार? तिनं वडाराला बोलावून पाट्या-वरवंट्याला नव्यानं टाकी लावून घेतली. दगडाचा वरचा थरच उडवून टाकला. "काऊन गं, पाटा तर चांगला होता," बायनाबाई म्हणाली. "बोथटला होता," दगडाबाई म्हणाली.

राहिलं तेल. घरात शेंगदाण्याचंच तेल, ते बाद. घरची करडी होती. ती घेऊन दगडाबाई गोपीचंदच्या घाण्यावर गेली. गोपीचंद माणूस सोन्यासारखा, सटवाजीच्या लहानपणापासूनच्या जोडीतला. "एवढं तेल काढून दे भावजी," ती म्हणाली. "जावयासाठी पाहिजे. घाणा चांगला धुऊनपुसून घे." पुढचं वाक्यही ओठावर आलं होतं. दाण्याचा कण नको यात, त्यानं त्यांचा जीव जातो. पण तिथं पेंड न्यायला आलेल्या बायका उभ्या होत्या. दगडाबाईनं ते वाक्य गिळलं आणि घरी आली.

जेवणाच्या दिवशी सकाळीच राजेश्री आणि आदिनाथ आले. पाय धुणं, ओवाळणं झालं आणि आदिनाथ सरळ चुलीपाशी येऊन उकिडवा बसला.

"मामी, इचारू?"

"इचारा."

त्यानं गूळ विचारला, डाळ विचारली, पीठ कुठं दळलं ते विचारलं. पाट्याला टाकी लावल्याचं कळल्यावर तो नुसता त्या दगडावरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "आन् तेल?"

"करडीचं. घरच्या करडीचं. गोपीचंदभावजीच्या घाण्यावरनं काढून आणलंय."

"घाण्यावर दाणे बी निघत असतील ना? त्यांना माझं सांगितलं होतं का?"

दगडाबाईनं पुरणाकडं बघितलं. "हां," ती म्हणाली. "सांगितलं की."

"मग झालं," आदिनाथ म्हणाला आणि उठून बाहेर गेला. त्याचा तो एवढा चटकन बसलेला विश्वास दगडाबाईला काट्यासारखा टोचला. पण घाणा धुवायला सांगितलाच होता ना आपण, असं तिनं मनाला समजावलं आणि कढई चुलीवर ठेवली.

तेल तापलं आणि घरभर वास सुटला. गोडसर, ओळखीचा. दगडाबाईचा हात जरा थबकला. करडीला असा वास येतो का? मग तिला वाटलं, या भिंतींनाच तो वास लागलाय, माझ्या हातांना लागलाय, तो कुठं जाणार? तिनं पहिला धोंडा तेलात सोडला.

ओसरीवर पंगत बसली. भावकीतली चार माणसं, सटवाजी, बायनाबाई एका बाजूला, आणि मधे पाटावर आदिनाथ. नेमाचा माणूस आज पहिल्यांदा परान्न घेणार म्हणून दारात बघायला बायकाही जमल्या होत्या. राजेश्रीनं ताट मांडलं. दगडाबाई आतून गरम धोंडे काढून देत होती. आज तिला आपण कुणीतरी मोठी बाई आहोत असं वाटत होतं.

तेवढ्यात गोपीचंद आला. त्याला बोलावलंच होतं. चपला काढता काढता तो मोठ्यानं म्हणाला, "आहाहा! काय वास सुटलाय! सटवाजी, वास कशाचा ते सांग बरं?"

"कशाचा?"

"तुझ्या बायकोनं नुसती करडी आणून दिली होती. मी म्हणलं, एवढ्या नेमाचा माणूस, पहिल्यांदा परान्न घेणार, आन् त्याला करडीवर जेवू घालायचं? उपासतापासाला शेंगदाण्याचंच तेल लागतं. मी आपले घरचे दाणे घातले त्याच्यात बरोबरीनं. वयनीला बोललो बी न्हाई. माझ्याकडून जावयाला आहेर म्हण!"

आत दगडाबाईच्या हातातला झारा खाली पडला.

ती कशी धावली ते तिला नंतर आठवेना. ओसरीवर आली तेव्हा आदिनाथ गोपीचंदकडे मान वळवून काहीतरी विचारायच्या बेतात होता. त्याच्या उजव्या हातात धोंड्याचा तुकडा होता, तूप गळत होतं. दगडाबाईनं तो तुकडा त्याच्या बोटांतून ओढून घेतला आणि समोरचं भरलं ताट उचललं.

जावयापुढचं ताट उचललं! पंगतीतले हात जागच्या जागी थांबले. सटवाजी अर्धवट उठला. "अगं ए, याड लागलं का तुला?"

"खाल्लं का हो तुमी?" ती ओरडली. "जावईबापू, खाल्लं का?"

"न्हाई, मामी. न्हाई खाल्लं. खाली ठिवा ते ताट."

तिनं ताट लांब नेऊन ठेवलं आणि सगळ्यांच्या देखत ओसरीच्या मधोमध उभी राहिली. लपवायला आता पदरही पुरला नसता.

"त्यांचा कुठलाच नेम न्हाई," ती म्हणाली. दारातल्या बायकांनाही ऐकू गेलं. "दाण्यानं त्यांचा श्वास बंद होतो. जीव जातो. लग्नाच्या आधीच त्यांनी घरात बसून सांगितलं होतं. मलाच सांगायची लाज वाटली. मीच उपास म्हणले, मीच नेम म्हणले. गोपीचंदभावजीला सांगितलं न्हाई, आन् सकाळी यांनी इचारलं तर सांगितलं म्हणले. भावजीचं काई चुकलं न्हाई. आज माझ्या हातानं..."  ती खाली बसली आणि तिनं तोंडाला पदर लावला.

गोपीचंदचा चेहरा मातीसारखा झाला होता. राजेश्रीनं धावत जाऊन नवऱ्याचा हात साबणानं धुतला, कमरेचं पाकीट चाचपलं, त्याच्या तोंडाकडं, ओठांकडं नीट बघितलं. आदिनाथ म्हणाला, "अगं, ठीक हाय मी." मग तो गोपीचंदपाशी गेला, त्याला हाताला धरून पाटावर बसवलं आणि त्याच्या हाती पाण्याचा तांब्या दिला. "काका, घाबरू नका. तुमी माझ्यासाठी घरचे दाणे घातले. एवढी माया कोण करतंय? फकस्त मला मानवत न्हाई, त्याला तुमी काय करणार?"

बायनाबाईच्या डोक्यात मात्र अजून सगळं शिरलं नव्हतं. "म्हंजे नेम न्हाईच का रं बाबा?"

"हाय की, आक्का. दाणा खायचा न्हाई, हाच नेम. मोडला तर देव माफ करंल, पण घसा करणार न्हाई."

बायनाबाई आधी हसली, मग तिला ते लाडू आठवले आणि ती दगडाबाईच्या शेजारी जाऊन बसली. "बाई, मला तरी सांगायचं," एवढंच म्हणाली.

दगडाबाई मान वर करत नव्हती. आदिनाथ तिच्यासमोर येऊन बसला, सकाळी चुलीपाशी बसला होता तसाच उकिडवा.

"मामी, माझ्याकडं बघा. मी लहानपणापासून घरोघरी इचारत आलोय. ह्याच्यात दाणा हाय का, त्याच्यात हाय का. लय लोकांनी न्हाई न्हाई म्हणून ताट वाढलं. वाढून झाल्यावर ज्यांना आठवलं त्यातले काईजण गप बसले, काईजण 'काई होत न्हाई' म्हणले. माझ्यासमोरचं ताट उचललं न्हवतं कुणीच. तुमी उचललं. भरल्या पंगतीत."

दगडाबाईला हुंदका आवरेना. "पण तुमी उपाशीच की हो. आज बी माझ्या हातचं न्हाईच."

"उपाशी काऊन? मघाशी मामा म्हणत होते, बांधावरच्या झाडाचे आंबे अढीत पिकायला घातलेत. कुणी घातले?"

"मीच."

"त्याला तेल लागतं का?"

ती उठली. कोपरापर्यंत हात साबणानं धुतले. वरच्या खोलीत गवताची अढी होती, तिच्यातून एकेक आंबा हातानं दाबून निवडला, स्वच्छ पाण्यात टाकला, आणि परातभर आंबे घेऊन आली. पहिला तिनं स्वतः मऊ केला, देठाकडचा चीक पिळून काढला, आणि जावयाच्या हातात दिला. आदिनाथनं तो चोखला. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. त्यानं दुसऱ्यासाठी हात पुढं केला. पंगतीनंही धोंडे बाजूला सारले आणि सगळे आंब्यांवर तुटून पडले. गोपीचंदनं तर एवढे खाल्ले की सटवाजीला बोलावं लागलं.

राजेश्री आणि आदिनाथ संध्याकाळच्या गाडीनं गेले. दगडाबाई आवराआवर करायला लागली तर कुटाच्या डब्याची जागा रिकामी नव्हती. तिथं आदिनाथचा स्टीलचा डबा बसलेला, धुऊनपुसून, कडी लावून.  वाटेत या माणसानं खायचं काय? तिनं फोन लावला.

"जावईबापू, डबा विसरलात!"

"विसरलो न्हाई, मामी. ठिवलाय. धोंड्याचा महिना सरला न्हाई अजून. पुढच्या आयतवारी हात हलवत येतो."

दुसऱ्या दिवशी ती घाण्यावर गेली. पेंड न्यायला बायका उभ्याच होत्या. या वेळी ती दारातूनच बोलायला लागली. तिच्या जावयाला दाणा चालत नाही, का चालत नाही, खाल्ला तर काय होतं, सुई कुठं टोचायची, सगळं. गोपीचंद म्हणाला, "वयनी, मग तेल नकोच. घाणा किती बी धुतला तरी लाकूड हाय ते, मला खात्री देता येणार न्हाई. घरच्या तुपात तळा." दगडाबाईला ते पटलं. आठवडाभर घरात कुणाला दुधावरची साय दिसली नाही.

रविवारी आदिनाथ खरंच हात हलवत आला. चुलीपाशी बसला, पण त्यानं तोंड उघडायच्या आधी दगडाबाईच सुरू झाली. गूळ अमुक, पीठ तमुक, तूप आपल्या म्हशीचं, भांडं नवं. "वेलदोड्याची पूड इकत आणलेली होती. ती कुठं कुटली मला ठाऊक न्हाई. म्हणून घातलीच न्हाई."

"मग मला इचारायला काई ठिवलंच न्हाई तुमी," आदिनाथ म्हणाला.

ताट मांडलं. राजेश्री शेजारी बसली. कमरेचं पाकीट नेहमीच्या जागी होतं. आदिनाथनं धोंडा फोडला, तुपात बुडवला आणि खाल्ला. दगडाबाई त्याच्या गळ्याकडं बघत होती. एक घास उतरला, दुसरा उतरला. तो जेवत होता, साधा, कुठल्याही घरचा जावई जेवतो तसा. बराच वेळ झाला तरी ती वाढायचं विसरून तशीच उभी होती.

"मामी," तो म्हणाला, "वेलदोडा पाहिजे होता बरं का."

"पुढच्या बारीला घरी कुटते," दगडाबाई म्हणाली आणि तिनं त्याच्या ताटात आणखी एक धोंडा वाढला.